एका पायाचे टेबल

पाटावर बसून जेवण्यातच आपली संस्कृती आहे, असे बजावणाऱ्या मंडळींना आरंभीच एक प्रश्न विचारतो. त्यांच्यापैकी कितीजणांनी ऐंशी उलटलेल्या आईला पाटावरून उठताना पाहिले आहे? माझ्या आईचे गुडघे थकले त्या वर्षी आमचे पाट माळ्यावर गेले, आणि त्यांच्याबरोबर संस्कृती काही गेली नाही. वदनी कवळ अजूनही म्हटले जाते. तेव्हा टेबल असावे की नसावे, हा वाद मला घालायचाच नाही. माझे भांडण आहे ते टेबल कोणी आखावे यावरून.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी एका झगमगीत दुकानातून गोल टेबल आणले. मधोमध एकच पाय, खाली बशीसारखी बैठक. त्या आकाराची कुळकथा मला वाचून ठाऊक होती, आणि तिथेच मी फसलो. एअरो सारिनेन या फिनलंडात जन्मलेल्या अमेरिकन वास्तुशिल्पीला टेबला-खुर्च्यांखाली माजलेल्या पायांच्या गर्दीचा वीट आला होता. त्याने एकाच दांड्यावर उभे राहणारे सामान योजले; ते 1957 साली बाजारात आले आणि जगभर गाजले. कल्पना खरोखर सुरेख! कोणाचाही गुडघा पायावर आपटत नाही आणि पाहुणा आला की खुर्ची कुठेही सरकवता येते. पण त्याच्या टेबलाची बैठक ओतीव धातूची होती, जड होती. आमच्या दुकानदाराने आकार तेवढा उचलला. बैठक पोकळ पत्र्याची, आणि वर लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, तिच्यावर सागाचे चित्र छापलेला कागद!

पाडव्याला फराळ आटोपून आई उठली. उठताना म्हातारे माणूस जे करते तेच तिने केले. कडेवर हात टेकला. टेबल कलंडले, स्क्रू भुशासकट उपसून आले, आणि चकल्यांच्या ताटाबरोबर आई खाली आली. मनगट मोडले. दुकानात गेलो, तर तेथील सद्गृहस्थ म्हणाले, ‘‘कडेवर भार द्यायचा नसतो, साहेब.’’ वाचकहो, टेबलाच्या कडेवर भार द्यायचा नाही, तर उठताना माणसाने धरायचे काय? आमटीची वाटी?

त्या दिवशी ठरवले, टेबल सुताराकडूनच करून घ्यायचे. भवानी पेठेतल्या लाकूडबाजारातून एका पाडलेल्या वाड्याच्या सागाच्या तुळया आणल्या. कित्येक वर्षे छपराखाली वाळलेले लाकूड. नव्या ओल्या लाकडासारखे ते फारसे पिळणार नाही. खिळे मात्र इतके निघाले की मेस्त्रींच्या रंध्याचे पाते दोनदा धारेला न्यावे लागले. वर चार फुटांचे गोल, म्हणजे परीघ साडेबारा फूट, माणशी दोन फुटांनी सहाजण ऐसपैस. उंची तीस इंच. एवढे माझे गणित बरोबर होते.

मग मी शहाणपणाने खाली तीन पाय काढले. तिवई कधी डुगडुगत नाही, हे शाळेत शिकलेले. मेस्त्रींनी कागद पाहिला, काही बोलले नाहीत, आणि फरशीवर खडूने माझे तीन पाय जसेच्या तसे आखले. मग दोन पायांच्या टोकांना जोडणारी रेघ ओढली. ‘‘साहेब, आजी इथे हात ठेवणार. डुगडुगणे वेगळे आणि कलंडणे वेगळे.’’

मी घरी जाऊन हिशेब केला. पाय मध्यापासून अठरा इंच पुढे आलेले; पण तीन पायांत ती रेघ मध्यापासून फक्त नऊ इंचांवर पडते. टेबलाचे वजन चाळीस किलो धरले, तर दोन पायांच्या मधल्या कडेवर चोवीस किलोचा भार पडताच ते उलटणार. चार पाय केले की रेघ पावणेतेरा इंचांवर जाते आणि भार पंचेचाळीस किलोंपर्यंत चालतो. मेस्त्रींनी पाय आणखी दोन इंच लांबवले, तेव्हा तो छप्पन्न-सत्तावन्नावर गेला. त्यांनी हिशेब केला नव्हता. त्यांना दिसत होते. आणि चार पायांची डुगडुग? ‘‘ती फरशीवर ठेवून रंध्याने काढता येते,’’ म्हणाले. त्यांनी ती काढलीही.

वरचा गोल पट्ट्यांवर सरसाने घट्ट चिकटवा, असाही माझा आग्रह होता. त्यांनी पट्ट्यांना लांबट भोके पाडली आणि स्क्रू सैलसर बसवले. ‘‘आषाढात फळी आडवी फुगणार, चैत्रात आटणार. जखडलीत तर फुटेल.’’

आता माझे खरे भांडण. असल्या माणसाला आपण रोजाने पैसे देतो, आणि टेबलाचे चित्र काढणाऱ्याला टक्केवारीने. मासिकातले किंवा फोनवरचे चित्र त्याच्यापुढे नाचवून ‘हुबेहूब असेच’ म्हणतो, मजुरीत घासाघीस करतो, आणि मग ‘हल्ली चांगले सुतार राहिले नाहीत’ असा सुस्कारा सोडतो. राहतील कसे? पोराला रंधा हाती देण्यापेक्षा बापच त्याला दुकानात सामान जोडणारा म्हणून धाडतो. तिथे महिन्याचा पगार तरी वेळेवर मिळतो. रेडीमेड स्वस्त पडते म्हणणाऱ्यांनी एक मनगट हिशेबात धरावे. आणि यात मी स्वतःला वगळत नाही. मेस्त्रींशी पहिल्या दिवशी मीही तीनशे रुपयांवरून हुज्जत घातली होती. त्यांच्या बिलात शेवटी लाकूड होते, मजुरी होती, कातारी होता, पॉलिश होते. त्या खडूच्या रेघेचे पैसे कुठेच नव्हते. मी विचारले, तर ते चक्क हसले.

टेबल गेल्या दिवाळीपासून घरात आहे. आई अजूनही जेवायला बसण्याआधी दोन्ही हातांनी कड दाबून पाहते.