एक्स-रे एआयने वाचला, म्हणजे नेमकं काय झालं?

टीबीच्या तपासणी शिबिरांत हल्ली एक वेगळं यंत्र दिसतं. मोठ्या कॅमेऱ्यासारखं, बॅटरीवर चालणारं, हातात धरता येईल एवढं. छातीचा एक्स-रे निघतो, शेजारच्या लॅपटॉपवर चित्र येतं आणि मिनिटभरात त्याखाली एक आकडा उमटतो. समजा ०.८२, किंवा ०.११. आकडा जास्त आला तर ‘थुंकीचा नमुना द्या’ असं सांगतात. कमी आला तर पुढचा नंबर. त्या क्षणी एक्स-रे बघायला तिथे रेडिओलॉजिस्ट असेलच असं नाही.

हा आकडा नक्की काय सांगतो? आणि तोच एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून, मोबाइलने फोटो काढून चॅटबॉटला दाखवला तर तेच काम होतं का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण तो प्रकार आपल्यापैकी बरेच जण करतात. पण आधी पहिला समजला पाहिजे.

केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२४ ला टीबी शोधण्यासाठी १०० दिवसांची मोहीम सुरू केली, नंतर ती देशभर नेली. सरकारी आकडेवारीनुसार पहिल्या १०० दिवसांत ७.१९ लाख टीबी रुग्ण सापडले. त्यातले २.८५ लाख असे होते की त्यांना खोकला, ताप, वजन घटणं यातलं काहीच नव्हतं. म्हणजे दहातले जवळपास चार. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासणी करा’ ही जाहिरात आपण लहानपणापासून ऐकतोय. त्या जाहिरातीला हे लोक कधीच सापडले नसते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही हेच दिसलं होतं: एक्स-रे काढला नसता, तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते.

मग सगळ्यांचे एक्स-रे काढा, प्रश्न मिटला? काढणं सोपं आहे हो, वाचणार कोण? देशात १४० कोटी लोकांमागे साधारण २० हजार रेडिओलॉजिस्ट, असा आकडा नेहमी सांगितला जातो. तेही बहुतेक मोठ्या शहरांत. आंबिवली काही आडगाव नाही. कल्याणच्या पुढे शहाड, मग आंबिवली. पण इथेसुद्धा छोट्या सेंटरमध्ये एक्स-रे लगेच निघतो आणि रिपोर्टसाठी थांबावं लागतं. बऱ्याचदा चित्र इंटरनेटवरून दुसरीकडे बसलेल्या डॉक्टरकडे जातं आणि रिपोर्ट परत येतो. मोठं काही निघालं की पिवळं पाकीट काखेत मारून लोकलने कल्याण, नाहीतर थेट परळ. एका दिवसाची मजुरी बुडते. शिबिरातलं एआय याच जागी बसवलंय. डॉक्टरच्या खुर्चीत ते बसलेलं नाही. कोणाला पुढे पाठवायचं आणि कोणाला घरी, एवढंच ते ठरवतं.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये यालाच मान्यता दिली. १५ वर्षं आणि त्यावरच्या व्यक्तींच्या टीबी तपासणीत एक्स-रे वाचायला माणसाऐवजी सॉफ्टवेअर चालेल, असं त्यांचं म्हणणं. वयाची अट लक्षात ठेवा. लहान मुलांचा टीबी एक्स-रेवर वेगळा दिसतो.

आकडा येतो कुठून?

संगणकासाठी एक्स-रे म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा: किती काळा, किती पांढरा. हवा भरलेलं फुप्फुस काळं, हाड पांढरं, आणि फुप्फुसात जिथे पू, पाणी किंवा घट्ट झालेला भाग असेल तिथे करडे-पांढरे डाग. सॉफ्टवेअरला हजारो-लाखो एक्स-रे दाखवतात आणि प्रत्येकाबरोबर उत्तर सांगतात: याला टीबी होता, याला नव्हता. सुरुवातीला ते अंदाजपंचे उत्तर देतं. चुकलं की आतले आकडे थोडे हलवतात, पुन्हा चुकलं की पुन्हा हलवतात. असं करत करत ते कडा, डाग, पोकळ्या यांचे नमुने ओळखायला शिकतं. फोनची गॅलरी मांजरीचे फोटो वेगळे काढते, त्याच घराण्यातलं हे तंत्र.

गंमत आणि धोका दोन्ही इथेच आहे. ते काय बघून शिकलं, हे आपण ठरवलेलं नसतं. २०१८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं सॉफ्टवेअर हा एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलचा आहे हेही जवळजवळ दर वेळी बरोबर ओळखत होतं. एका हॉस्पिटलच्या एक्स-रेंमध्ये न्यूमोनियाचे रुग्ण ३४ टक्के होते, दुसऱ्यात एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे फुप्फुसाकडे नीट न बघता, एक्स-रेच्या कोपऱ्यातल्या डावी-उजवी सांगणाऱ्या धातूच्या खुणेसारख्या गोष्टींवरून हॉस्पिटल ओळखलं तरी बरेच मार्क मिळत होते. कॉपी करून पास होणारा मुलगाच तो. दुसऱ्या शाळेत परीक्षेला बसवला की उघडा पडतो, आणि तसंच झालं. बाहेरच्या हॉस्पिटलचे एक्स-रे दिल्यावर त्याची कामगिरी घसरली.

त्यामुळे ‘९५ टक्के अचूक’ अशी जाहिरात वाचली की पहिला प्रश्न हा विचारायचा: कोणाच्या एक्स-रेंवर?

हजार माणसांचा हिशोब

टीबीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये ढाक्यातला अभ्यास आला. जवळपास २४ हजार लोक, पाच वेगवेगळी सॉफ्टवेअर, आणि प्रत्येकाच्या थुंकीची पक्की तपासणी. पाचही सॉफ्टवेअर तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरली. त्यात मुंबईच्या ‘क्योर डॉट एआय’चं ‘क्यूएक्सआर’ होतं. शंभरातले ९० रुग्ण पकडायचेच असं ठरवल्यावर ते निरोगी लोकांपैकी सुमारे ७४ टक्क्यांना बरोबर बाजूला काढत होतं. संघटनेची किमान अपेक्षा ९० आणि ७० अशी आहे. म्हणजे पास, आणि चांगल्या मार्कांनी.

पण थांबा. ढाक्यात तपासलेले लोक कोण होते? टीबीच्या तपासणी केंद्रात आलेले, बहुतेक आधीच संशयित. त्यांच्यातल्या सुमारे १५ टक्क्यांना खरंच टीबी निघाला. हजार माणसं धरली तर १५३ रुग्ण. त्यातले १३८ सॉफ्टवेअर पकडणार. उरलेल्या ८४७ निरोगी लोकांपैकी सुमारे २२० जणांवर चुकीचा संशय येणार. म्हणजे ज्यांना ‘संशयित’ म्हटलं, त्यातले पाचात दोन खरे रुग्ण. छान.

आता तेच सॉफ्टवेअर, तीच हुशारी, पण शिबिर आंबिवली-मोहन्यात. समजा साठीच्या पुढचे, डायबेटिस असलेले, आधी टीबी होऊन गेलेले, घरात रुग्ण असलेले असे हजार लोक आले आणि त्यांच्यात दहा रुग्ण आहेत. सॉफ्टवेअर नऊ पकडेल, एक निसटेल. आणि ९९० निरोगी लोकांपैकी सुमारे २५७ जणांना ‘संशयित’ म्हणेल. एकूण २६६ संशयित, त्यात खरे नऊ. तिसात एक!

सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. आजार जितका विरळ, तितके खोटे इशारे जास्त, हे साधं गणित आहे आणि ते कुठलंही एआय चुकवू शकत नाही. म्हणून शिबिरात तुमच्या आईच्या एक्स-रेला ०.८२ आला, तर त्याचा अर्थ ‘८२ टक्के टीबी आहे’ असा नाही. ‘थुंकी तपासू’ एवढाच अर्थ. रात्रभर कुटुंबाने रडत बसावं असा तो आकडा नाही. आणि ०.११ आला पण खोकला महिनाभर थांबत नसेल, तर तो आकडा घरी बसायचं सर्टिफिकेटही नाही.

आधी टीबी होऊन बरे झालेले लोक ही वेगळी अडचण. त्यांच्या फुप्फुसात जुने व्रण राहतात आणि सॉफ्टवेअर त्यांना नवा आजार समजू शकतं. ढाक्याच्या अभ्यासातही अशा लोकांमध्ये आणि वयस्कर लोकांमध्ये त्याची कामगिरी खाली आली होती. नेमके हेच लोक मोहिमेत सगळ्यात आधी बोलावले जातात. त्यामुळे एक्स-रे काढताना ‘मला आधी टीबी होऊन गेलाय’ हे सांगणं फार गरजेचं आहे. लाजून लोक लपवतात, तो भाग वेगळा.

कितीच्या वर ‘संशयित’ म्हणायचं, ती रेघ यंत्र ठरवत नाही, माणसं ठरवतात. रेघ खाली आणली तर कमी रुग्ण निसटतील, पण थुंकीच्या तपासण्या वाढतील. वर नेली तर पैसे वाचतील आणि काही रुग्ण पुन्हा लोकलच्या गर्दीत खोकत फिरतील. हा निर्णय तंत्रज्ञानाचा कमी आणि बजेटचा जास्त आहे.

माझ्या मते बातम्यांमध्ये हाच भाग हरवतो. सगळे हातातल्या एक्स-रेचे फोटो छापतात. पण त्या २६६ जणांच्या थुंकीची जनुकीय तपासणी कोण करणार? त्यासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही यंत्रं लागतात. ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचं. त्याच्या चिप हव्यात, चालवणारा तंत्रज्ञ हवा. शिवाय ज्याला खोकलाच नाही, त्याला थुंकी काढायला सांगितली तर बऱ्याचदा येते ती नुसती लाळ. एआयने एक्स-रेची रांग संपवली, रांग आता थुंकीच्या डबीपाशी लागते. देशाचं लक्ष्य २०२५ पर्यंत लाखामागे ४४ नवे रुग्ण एवढं खाली येण्याचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२४ मध्ये आपण १८७ वर होतो. २०१५ च्या २३७ पेक्षा हे नक्कीच बरं आहे, पण अंतर केवढं आहे ते बघा.

आता तुमच्या फोनकडे येऊ

एक्स-रेची मूळ फाइल ‘डायकॉम’ प्रकारची असते. तिच्यात करड्या रंगाच्या साधारण ४ हजार किंवा त्याहून जास्त छटा असतात. तुमच्या फोनच्या नेहमीच्या फोटोत २५६. त्यात ट्यूबलाइटची चमक, बोटांची सावली, तिरका कोन. मग तो फोटो व्हॉट्सॲपवर गेला की आणखी दाबला जातो. टीबीचा सुरुवातीचा फिकट डाग जाईल तो याच गाळणीतून. सीटी स्कॅनचं तर विचारूच नका. त्यात शेकडो काप असतात, फुप्फुस बघायला वेगळी सेटिंग आणि हाड बघायला वेगळी. तुम्ही फोटो काढता तो फिल्मवर छापलेल्या मोजक्या कापांचा.

दुसरी गोष्ट. शिबिरातलं सॉफ्टवेअर एकाच कामासाठी शिकवलेलं आणि तपासलेलं असतं. २०२० पासून भारतात असं सॉफ्टवेअर कायद्याने वैद्यकीय उपकरण मानलं जातं. सर्वसाधारण चॅटबॉट मात्र शब्द जुळवण्यात पटाईत. तो अस्पष्ट फोटोवरही आत्मविश्वासाने दोन परिच्छेद लिहून देतो, आणि मराठीत लिहिल्यामुळे ते आणखी खरं वाटतं. कंपन्या स्वतःच सांगतात की निदानासाठी यावर विसंबू नका.

चॅटबॉटचा उपयोग आहे, पण दुसरीकडे. डॉक्टरांनी लिहिलेला रिपोर्ट इंग्रजीत असतो. त्यातल्या शब्दांचा अर्थ विचारा, डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करून घ्या. फक्त नाव, वय, फोन नंबर, हॉस्पिटलचा नंबर आधी झाका. टीबीचं नाव चुकीच्या ग्रुपवर गेलं की लग्न मोडण्यापासून भाड्याची खोली जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि फॉरवर्ड मागे घेता येत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंच असेल तर सेंटरवर डायकॉम फाइलची सीडी किंवा लिंक मागा. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग ती दाबली जात नाही.

उपचारातही हे तंत्र आलंय. कॅन्सरला रेडिएशन देण्याआधी सीटीच्या प्रत्येक कापावर गाठ कुठे आणि वाचवायचे अवयव कुठे याच्या रेघा माराव्या लागतात. हे तासन्‌तास चालणारं काम सॉफ्टवेअर काही मिनिटांत करून देतं, डॉक्टर दुरुस्त करून सही करतात. स्वीडनमध्ये ८० हजार महिलांच्या स्तन-तपासणीत एआय मदतीला घेतलं, तर चित्रं वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि सापडणारे कॅन्सर कमी झाले नाहीत. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा. अजून तरी कल्याणमध्ये रिपोर्टची वाट बघावीच लागते.

तुमच्या भागात शिबिर लागलं आणि घरातलं कोणी गेलं, तर तिथे तीन गोष्टी विचारून घ्या: संशयित निघाल्यास थुंकीची तपासणी कुठे होईल, रिपोर्ट किती दिवसांत आणि कोणाकडून मिळेल, आणि एक्स-रेची फाइल आम्हाला मिळेल का. गर्भवती असाल किंवा शक्यता असेल तर यंत्रासमोर उभं राहण्याआधी सांगा. टीबी निघालाच तर सरकारी औषधं मोफत आहेत आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. हेल्पलाइन १८००-११-६६६६, तिला पैसे पडत नाहीत.