पातळ केलेला बेथोव्हेन

तीन-चार वर्षं व्हायोलिन, व्हिओला किंवा चेलो शिकलेली मुलं एकत्र बसवली की त्यांच्यापुढे कोणतं संगीत ठेवायचं? अमेरिकेत आणि इंग्लंडात या प्रश्नाला एक उत्तर फार सहज मिळतं: बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी, सोपी करून. प्रकाशकांच्या याद्या अशा रूपांतरांनी भरलेल्या असतात. अमेरिकेत त्यांना साधारण 1 ते 6 अशा श्रेणी लावतात आणि ही मधली मुलं तिसरीच्या आसपास येतात. फर्स्ट पोझिशनमध्ये त्यांचा हात बसलेला असतो, थर्ड पोझिशनची नुकती ओळख झालेली असते, आणि गज अजून मधूनच अडखळतो.

हे उत्तर देणाऱ्यांचं म्हणणं दुबळं नाही. मुलांना लहान वयातच महान संगीताचा स्पर्श व्हावा, असं ते म्हणतात. सभागृहातल्या आईबापांना पहिल्या चार स्वरांत ओळख पटते, मुलांना हुरूप येतो, आणि आज सोपं वाजवलेलं पोर उद्या मूळ ऐकायला जातं. हुरुपाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न आहे तो स्पर्शाचा. स्पर्श नेमका कशाला होतो?

पाचव्या सिम्फनीचा पहिला भाग सी मायनरमध्ये आहे. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई. यातल्या ए आणि ई या स्वरावलीत बसत नाहीत, म्हणून रूपांतरकार बहुधा पट्टीच बदलतो. तेवढं चालेल. पण मूळ सिम्फनीत त्या चार स्वरांची आकृती आधी सेकंड व्हायोलिन उचलतात, मग व्हिओला, मग फर्स्ट व्हायोलिन, आणि या हातोहात देण्यातूनच तो ताण उभा राहतो. ही साखळी अवघड वाटून फर्स्टच्या हाती एकगठ्ठा दिली, की व्हिओलावाल्यांना उरतात लांब स्वर आणि मोजायचे विराम. पुढे याच भागात सगळा वाद्यवृंद थांबतो आणि एकटा ओबो चार क्षण स्वतःशी बोलल्यासारखा वाजतो. व्हायोलिनांच्या घोळक्यात तेच वाक्य आणखी एका व्हायोलिनला दिलं तर एकटेपण कुठलं? स्वर तेच राहतात, प्रसंग मात्र नाहीसा होतो. मुलाला स्पर्श झाला तो बेथोव्हेनच्या नावाला.

दुखणं जुनं आहे. गुस्ताव होल्स्ट 1905 पासून लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये शिकवत होता. मुलींना शोभेल म्हणून प्रकाशक जे गाळीव संगीत पाठवत, त्यावर तो वैतागलेला असे. (ऋग्वेदातल्या सूक्तांसाठी संस्कृत शिकायला बसलेला आणि महाभारतातल्या सावित्रीवर ऑपेरा लिहिणारा होल्स्ट तो हाच.) त्याने तक्रारीवर न थांबता शाळेच्या वाद्यवृंदासाठी स्वतः संगीत लिहिलं, त्यातूनच ‘सेंट पॉल्स सुइट’ आला. त्यातल्या ‘ऑस्टिनाटो’मध्ये चार स्वरांची एक आकृती आहे आणि ती सेकंड व्हायोलिनांकडे आहे. दुय्यम समजल्या जाणाऱ्या रांगेवरच सगळा भाग उभा आहे. शेवटच्या भागात ‘डार्गासन’ ही धून सहा मात्रा तीन-तीन अशा मोजते, आणि वरून येणारी ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ त्याच सहा मात्रा दोन-दोन-दोन अशा मोजते. बोटं फार दूर जायची गरज नाही, पण कान जागा हवा. पुढे 1933 मध्ये, आजारपणात इस्पितळात असताना, त्याने शाळेच्या ज्युनिअर वाद्यवृंदासाठी ‘ब्रूक ग्रीन सुइट’ लिहिला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो गेला. ‘द प्लॅनेट्स’ लिहून झालेल्या माणसाला नवशिक्यांसाठी लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही.

इथे विरोधक मला पकडतील आणि त्यांनी पकडावंही. ‘सेंट पॉल्स सुइट’चा तो शेवटचा भाग होल्स्टने आपल्याच लष्करी बँडच्या दुसऱ्या सुइटमधून घेतला होता, म्हणजे रूपांतरच की! खरं आहे. माझं भांडण रूपांतराशी नाही, कापाकापीशी आहे. होल्स्टने बँडचा घाट तारांवर नव्याने बसवला. त्यात ना मात्रांची गुंतागुंत कमी झाली, ना आतल्या रांगा रिकाम्या राहिल्या.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: एका वर्गात सगळे एका पायरीवर नसतात, मग श्रेणी सर्वात कच्च्या मुलाची धरावी लागते. याला राल्फ व्हॉन विल्यम्सने 1950 मध्ये उत्तर दिलं. रूरल म्युझिक स्कूल्स असोसिएशनसाठी त्याने लिहिलेला ‘कॉन्चेर्टो ग्रोसो’ त्या नोव्हेंबरात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एड्रियन बोल्टच्या संचालनाखाली वाजला, तेव्हा शेकडो वादक मंचावर होते. रचनेत तीन गट आहेत. पहिला तयार वादकांचा, दुसरा थर्ड पोझिशनपर्यंत पोहोचलेल्यांचा, तिसरा कच्च्यांचा. तिसऱ्यात ज्यांना डाव्या हाताची बोटं ठेवताच येत नाहीत त्यांच्यासाठी फक्त मोकळ्या तारांचा पार्ट आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा संगीतकार नुसता गज ओढू शकणाऱ्या मुलालाही काम देतो आणि त्याच्यासाठी इतरांचं संगीत पातळ करत नाही.

आपल्याकडे मुंबई, पुणे, गोवा इथली मुलं ट्रिनिटीच्या किंवा एबीआरएसएमच्या परीक्षा देतात तेव्हा तुकड्यातली मुख्य ओळ बहुधा त्यांचीच असते. दुसऱ्याच्या सुरावटीखाली आपली साधी ओळ तोलून धरणं ही वेगळी विद्या आहे, आणि वाद्यवृंदात बसल्याशिवाय ती येत नाही. म्हणून सेकंड व्हायोलिनच्या पानावर काय छापलंय, हे निवडणाऱ्याने सगळ्यात आधी पाहावं. फर्स्टचं पान शेवटी पाहिलं तरी चालेल.

आणि मोठं नाव कार्यक्रमपत्रिकेवर हवंच असेल, तर पर्सेल आहे. 1695 मध्ये ‘अ‍ॅब्देलाझर’ या नाटकासाठी त्याने तारांच्या चार ओळींत जे संगीत लिहिलं, त्यातला रोंदो या मुलांना एकही स्वर न बदलता वाजवता येतो. ब्रिटन या संगीतकाराने 1945 मध्ये मुलांना वाद्यवृंद ओळखवून देणारी रचना लिहिली, ती याच धुनेवर.