सत्कार हवाच, फाइल नको



'कर्मचारी पगार घेतात, मग त्यांचा सत्कार कशाला?' हा मागील अंकातील पत्रलेखकांचा सवाल वाचला. पुरस्कारांचे पेव फुटले आहे, हे त्यांचे म्हणणे मान्य. पण सुक्याबरोबर त्यांनी ओलेही जाळले आहे.

आमच्या तिरोड्यावरून हावडा-मुंबई रेल्वेमार्ग जातो. थंडीत रूळ आकसतात आणि एखादा जोड तडकतो. हातोडा, पाना, लाल झेंडी घेऊन रुळांच्या चाव्या ठोकत चालणारा कीमन ती तड हेरतो आणि धावत जाऊन येणारी गाडी थांबवतो. अशा कीमनला रेल्वे रोख बक्षीस देते. त्यासाठी त्याला फाइल घेऊन फिरावे लागत नाही. एसटी महामंडळही २५ वर्षे विनाअपघात सेवा देणाऱ्या चालकांचा गौरव करते. तिथे तर काही घडले नाही, हेच कर्तृत्व!

उलट शिक्षकांचा राष्ट्रीय पुरस्कार पाहा. २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच अर्ज भरायचा, कामाचे पुरावे जोडायचे. वर्गात रमलेले गुरुजी हे सारे कधी जमवणार? स्वतःची आरती ओवाळायला ज्याला संकोच वाटतो तो मागे राहतो, बाकीच्यांचे फावते.

तेव्हा सत्कार बंद नकोत, रीत बदला. नावे सहकाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी सुचवावीत. कंत्राटी कामगारांनाही रोख बक्षीस मिळावे. कायम कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकात शाल-श्रीफळाऐवजी नोंद व्हावी, म्हणजे बढतीच्या वेळी ती कामी येईल.

— एक वाचक, तिरोडा (जि. गोंदिया)