आधी ऊब, मग दूध

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचा राउंड संपवून मी वॉर्डाबाहेर पडत होते, तेवढ्यात आमच्या मावशींनी हाक मारली. जुन्या सामानाच्या खोलीमागे रात्री एक मांजर व्यायली होती आणि तीन पिल्लं ओल्या फरशीवर सोडून गेली होती. पहाटेपासून ती फिरकली नव्हती. पिल्लं फारच लहान होती. अंगावर लव विरळ, पोट गार, आवाज जवळजवळ नाहीच. मावशींच्या एका हातात चहासाठी आणलेल्या दुधाची वाटी, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. म्हणाल्या, "मॅडम, दोन थेंब पोटात गेले की तरारतील बघा."

मी त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं, रुग्णालयात मांजरं नकोत म्हणून मी अडवतेय. कारण वेगळं होतं. त्या क्षणी दूध पाजलं असतं, तर त्या दुधानेच पिल्लं दगावण्याची भीती होती.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पशुवैद्य नाही. पिल्लांचं पुढचं सगळं ओळखीच्या पशुवैद्यांना फोनवर विचारूनच केलं. पण त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट मला नवी नव्हती. आमच्या नवजात अतिदक्षता कक्षात आम्ही रोज तेच करतो. आधी ऊब, मग दूध.

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात. पूर्ण दिवसांचं पिल्लू जन्मतः १०० ग्रॅमच्या आसपास भरतं. कॅन्टीनच्या काट्यावर आमची पिल्लं साठ-पासष्ट ग्रॅमची निघाली. एवढ्याशा जिवाच्या अंगात चरबी नसते आणि पहिल्या काही दिवसांत त्याला कुडकुडताही येत नाही. आईची कूस सुटली की ते भराभर गार पडतं. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं जवळपास काम थांबवतं आणि गिळणंही मंदावतं. अशा वेळी दूध पाजलं तर ते पोटात तसंच साठून पोट फुगतं किंवा श्वासनलिकेत जातं. पाजणाऱ्याला वाटतं, दूध घेतलं. प्रत्यक्षात ते फुफ्फुसात उतरलेलं असतं.

म्हणून आधी पुठ्ठ्याचं खोकं घ्या. त्यात मऊ कापड आणि कापडाच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा. बाटली खोक्याच्या एकाच बाजूला असावी, म्हणजे दुसरी बाजू कमी गरम राहते. कमी दिवसांच्या पिल्लाला स्वतःहून सरकता येत नाही, म्हणून हात लावून पाहत राहा. चटका बसता कामा नये. पिल्लू गरम पाण्यात बुडवू नका, शेकोटीजवळ धरू नका. एक-दोन तासांत सावकाश ऊब आली पाहिजे. पोट कोमट लागलं आणि पिल्लू तोंड इकडेतिकडे वळवून शोधू लागलं, की मग दुधाचं बघायचं. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा ३० ते ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास हवी.

दूध मात्र गायी-म्हशीचं नको. मांजरीच्या दुधात गायीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. गायीच्या दुधाने पिल्लांना जुलाब लागू शकतात. साठ ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे काही तासांचा खेळ. पिल्लांसाठीची दूध पावडर पशुवैद्यांकडे किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. ती आणायला जो वेळ जातो, तेवढा ऊब द्यायला लागतोच. पाजताना पिल्लू बाळासारखं उताणं धरू नका. ते आईला पितं तसं पोटावर पालथं असू द्या. एका वेळी दोन-अडीच मिली पुरे, तेही थेंबाथेंबाने. कमी दिवसांच्या पिल्लाला दर दोन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. गिळत नसेल तर जबरदस्ती नको, पशुवैद्यांकडे न्या. दर वेळी कोमट ओल्या कापसाने मागची जागा हळूच पुसा. आई चाटते तेव्हाच पिल्लाला शी-शू होते, स्वतःहून होत नाही. आणि रोज वजन करा. वजन वाढत नसेल तर पशुवैद्यांना दाखवायला उशीर करू नका.

यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे. दिसलं पिल्लू की उचललं, असं करू नका. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, असं आपण म्हणतो, ते उगाच नाही. ती जागा बदलताना एकेक पिल्लू नेते आणि बाकीची तेवढा वेळ एकटी दिसतात. पिल्लं उबदार आणि शांत असतील तर दूर उभं राहून काही तास वाट पाहा. गार, ओली किंवा सतत रडणारी असतील तर थांबू नका. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू टाकते, हीसुद्धा बहुतेक वेळा गैरसमजूतच आहे. मांजर परतली तर अंगात ऊब आलेलं पिल्लू ती पुष्कळदा जवळ करते. ती चावली किंवा तिने ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजची लस घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

त्या सकाळी कोणीतरी म्हणालं, "कसली ही आई!" मला ते लागलं. मांजर पहिलटकरीण असेल, आजारी असेल, घाबरली असेल. गार पडलेलं, हालचाल न करणारं पिल्लू आईच्या लेखी जिवंतच नसतं. हेच वाक्य मी वॉर्डात सुनांच्या वाट्याला आलेलं ऐकते. सातव्या-आठव्या महिन्यात बाळंत झालेली बाई, बाळ काचेपलीकडे, दूध अजून उतरलेलं नाही, आणि बाहेर नातेवाईक हिशेब मांडतात की चूक तिचीच. दूध उतरायला बाळ जवळ लागतं, हे कोणी सांगत नाही.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडत असताना कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. पुढे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असं त्यात दिसलं. तरीही आजही घरी जन्मलेलं कमी दिवसांचं बाळ आमच्याकडे येतं ते न्हाऊ घालून, मध चाटवून आणि गार पडून. माया कमी पडते असं नाही. क्रम चुकतो.

त्या तिघांपैकी एक दुपारीच गेलं, दुसरं तिसऱ्या दिवशी. फुफ्फुसंच पुरती तयार नसतील तर खोक्यातली ऊब किती पुरणार? तिसरं सुरक्षारक्षकाच्या खोलीत जगलं. आता ते त्याच्या घरी आहे. त्याच्या आईला पुढे पकडून नसबंदी करून आणली. दर पावसाळ्यात ओल्या फरशीवर नवी पिल्लं सापडू नयेत यासाठी तेवढाच उपाय आहे.

परवा वॉर्डात एक आजी नव्या नातवाला मधाचं बोट लावायला निघाल्या होत्या. मी पोचायच्या आत मावशींनी त्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, "आजी, आधी त्याला आईच्या अंगाशी द्या."