तेलाचा हात आणि प्राणवायूची टाकी

सुट्टी लागली की आमच्या आमलीतील मराठी कुटुंबे कोकणाची वाट धरतात, यात नवे काही नाही. पूर्वी ही मंडळी मालवणला सिंधुदुर्ग पाहून, सोलकढी पिऊन परतत. अलीकडे तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारून, प्रवाळ आणि रंगीत मासे पाहून येतात. परतल्यावर छायाचित्रे दाखवताना पाठीवरच्या टाकीकडे बोट दाखवून जो तो सांगतो, "हा ऑक्सिजनचा सिलिंडर." वृत्तपत्रेही तसेच छापतात. वास्तविक हौशी पाणबुड्याच्या त्या टाकीत साधी हवाच असते. तुम्ही-आम्ही या क्षणी घेत आहोत तीच, मात्र सुमारे दोनशे पट दाबून भरलेली. तिच्यात प्राणवायू एकवीस टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन.

एका शब्दासाठी आम्ही एवढा आग्रह धरतो, कारण ही चूक केवळ शब्दाची राहत नाही. शुद्ध प्राणवायू घेऊन सहा मीटरपेक्षा खोल उतरणे घातक मानतात. वाढत्या दाबाखाली तो मेंदूवर विषासारखा परिणाम करतो, आकडी येते, आणि पाण्यात आकडी येणे म्हणजे बुडणे. दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. साध्या हवेच्या टाकीत विचार न करता प्राणवायू भरला, तर पाण्यात उतरण्याआधीच, भरण्याच्या जागीच अनर्थ होऊ शकतो.

प्राणवायू स्वतः जळत नाही, हे आपण शाळेत शिकलो. तो दुसऱ्याला जाळतो, आणि ज्याला आपण एरवी ज्वालाग्राही म्हणत नाही त्यालाही जाळतो. २७ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेत अपोलो यानाची जमिनीवरच चाचणी चालू असताना ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तीन अंतराळवीर आगीत दगावले. यानाच्या कुपीत शुद्ध प्राणवायू भरलेला होता. एक ठिणगी पडली, आणि साध्या हवेत सावकाश जळले असते ते नायलॉनचे जाळे, त्या पट्ट्या क्षणार्धात पेटल्या. तेथे ठिणगीचे निमित्त तरी होते. सिलिंडरच्या बाबतीत तेवढेही लागत नाही. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते, हा अनुभव सर्वांचा आहे. वायू एकाएकी दाबला की तापतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेट घेते. आता दोनशे पट दाबाच्या प्राणवायूची चावी झटक्यात उघडली, तर पुढच्या अरुंद नळीत अडकलेला वायू दबून, गणिताप्रमाणे, हजार अंशांच्या घरात तापू शकतो. तेथे तेलाचा एक थेंब असला की डिझेलचे इंजिनच तयार झाले, फक्त त्याला आवरणारा दट्ट्या नाही.

पाणबुड्यांमध्ये 'नायट्रॉक्स' नावाचे मिश्रण वापरतात. त्यात प्राणवायू बत्तीस किंवा छत्तीस टक्के असतो. मिश्रणात प्राणवायू चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर टाकीला खास स्वच्छता नको, असा एक ढोबळ संकेत आहे. काही उत्पादक तेवढीही सूट देत नाहीत. पण खरी मेख भरण्याच्या पद्धतीत आहे. पुष्कळदा रिकाम्या टाकीत आधी शुद्ध प्राणवायू सोडतात आणि मग वरून हवा भरतात. म्हणजे अखेरचे मिश्रण कितीही सौम्य असो, टाकीची आणि झडपेची पहिली गाठ शुद्ध प्राणवायूशीच पडते.

म्हणून अशी टाकी आधी धुवावी लागते. धुणे म्हणजे विसळणे नव्हे. जाणकार माणूस टाकी पूर्ण रिकामी करून झडप उतरवतो, आत दिवा सोडून गंज, भुकटी, तेलाचा ओघळ पाहतो. पोलादी टाकीत गंज असेल तर खडे घालून ती फिरवतात. मग गरम पाणी आणि खास धावणद्रव्य. घरचा सुवासिक साबण चालत नाही, तो आपलीच साय मागे ठेवतो. पूर्वी या कामी कार्बन टेट्राक्लोराइड, ट्रायक्लोरोएथिलीन आणि फ्रिऑन जातीची द्रव्ये वापरीत. पहिली दोन माणसाला बाधतात, तिसऱ्याने ओझोनचा थर विरतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तेही मागे पडले. पुन्हापुन्हा खळबळून टाकी तेलविरहित हवेने किंवा नायट्रोजनने वाळवतात. परीक्षा मोठी मनोरंजक आहे. धुतलेल्या धातूवर पाणी सलग पसरले पाहिजे. अळूच्या पानावरच्यासारखे त्याचे मोती होऊ लागले तर तेल शिल्लक आहे असे समजावे. अतिनील दिव्याखाली पुष्कळ तेले चमकतात, पण सगळी नाही. म्हणून नुसत्या दिव्यावर विसंबत नाहीत. झडपेतील रबरी कडी बदलून प्राणवायूला टिकणारी घालतात, आणि वंगणही निराळे, न पेटणारे, वापरतात. ही कामे शिकलेल्या माणसाची. परसदारी करून पाहण्याची नव्हेत.

इतके सायास केल्यावर त्या टाकीत एकदा जरी साध्या कॉम्प्रेसरची तेलकट वाफ मिसळलेली हवा भरली, तरी सारे मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून धुणे आले. आमच्या आजीचे सोवळे असेच असे. एका ओल्या बोटाने ते मोडे. घरातले सोवळे गेले ते बरेच झाले, परंतु प्राणवायूच्या बाबतीत ते पाळण्यावाचून गत्यंतर नाही.

आमलीत समुद्र नाही, दमणगंगेवर मधुबनचे धरण आणि दुधनीची होडी एवढेच आपले जलविहार. मग हा प्रपंच कशाला, असे कोणी विचारील. परंतु आपले गाव सुताच्या कारखान्यांचे आहे. टेक्श्चरायझिंगच्या यंत्रावर सुताला तेल लागतेच, आणि कामावरून घरी येणाऱ्या हाताला, बाहीलाही लागते. त्याच गावात जोडकामाच्या दुकानापुढे प्राणवायूचे 'बाटले' उभे असतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचा दुष्काळ पडला, तेव्हा नायट्रोजन आणि आर्गॉनची भांडी सरकारी मुभेने प्राणवायूकडे वळवावी लागली. अशा वेळी हे धुणेच निर्णायक ठरते. एरवी एका वायूचा सिलिंडर दुसऱ्यासाठी वापरायला नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची परवानगी लागते, आणि सिलिंडरच्या झडपेला तेल लावण्यास नियमानेच बंदी आहे.

त्या लाटेनंतर कितीएक घरांत वृद्धांच्या खाटेशी सिलिंडर किंवा हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे यंत्र आले आणि राहिले. चावी घट्ट झाली की तेलाचे बोट फिरवावे, हा आपल्याकडील पिढीजात उपाय. दाराच्या बिजागरीला तो योग्य, येथे तो प्राणघातक आहे. अडलेली चावी पान्याने झोडू नये, सिलिंडर पुरवठादाराकडे परत द्यावा. रेग्युलेटर बसवण्यापूर्वी चावी क्षणभर किंचित उघडून धूळ उडवावी, मग हात पुसून, बाजूला उभे राहून, सावकाश उघडावी.

रुग्णाचे नाक कोरडे पडते म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलिन लावणाऱ्या सुनांची माया आम्ही जाणतो. परंतु त्याऐवजी पाण्याचा अंश असलेले मलम वैद्यांना विचारून आणावे. खाटेशेजारी देवघर असेल तर निरांजन आणि उदबत्ती निदान दहा फूट दूर न्यावी. आजोबांनी रुसले तरी चालेल, बिडी मात्र नको. यंत्राचा दाब थोडा असला तरी ज्योतीचा धोका तितकाच, कारण पांघरुणात आणि कपड्यांत प्राणवायू मुरून राहतो. नळी काढल्यावरही रुग्णाने थोडा वेळ मोकळ्या हवेत बसून मगच चुलीजवळ जावे.

आणि सिलिंडर असो वा पाणबुड्याची टाकी, ती अगदी रिकामी होऊ देऊ नये. थोडा दाब शिल्लक ठेवून चावी बंद करावी, म्हणजे बाहेरची दमट हवा आणि तिच्यासोबतची घाण आत शिरत नाही, आणि पुढच्या भरण्याच्या वेळी टाकी पुन्हा उघडून धुण्याची वेळ सहसा येत नाही.