पाटीवर नाव आहे, नंबर कुठे आहे?

बियाणे घेताना आपला शेतकरी पावती मागतो, पिशवीवरचा लॉट नंबर बघतो. बैल घ्यायचा तर दात मोजतो, चार पावले चालवून पाहतो. पण अंगात कणकण आली की स्टँडजवळच्या दवाखान्यात जाऊन मुकाट दंड पुढे करतो. सुई मारणारा कोण, कुठे शिकला, हे कोणी विचारत नाही. ‘डॉक्टरला कसं विचारायचं?’ हा आपला संकोच अनेकांच्या पथ्यावर पडतो.

वास्तविक विचारायचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लागते. ही परिषद १९६५ च्या कायद्याखाली चालते. आयुर्वेद-युनानी आणि होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगळ्या. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ चे आचारनियम आहेत. त्यानुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलाच पाहिजे. चिठ्ठी, दाखला आणि पैशाची पावती यांवरही तो हवा. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपायचे आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायचे, असेही हे नियम सांगतात. आपल्यापैकी किती जणांनी ते कधी मागितले?

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. नोंदणी असलेला डॉक्टर चुकला, तर तक्रार परिषदेकडे. परिषद ताकीद देऊ शकते, काही काळासाठी किंवा कायमचे नाव काढू शकते. नोंदणीच नसेल, तर परिषद कोणाचे नाव काढणार? तिथे काम पोलिसांचे आणि आरोग्य खात्याचे. अशा भोंदूला राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत. आणि नुकसानभरपाई हवी असेल, तर ती परिषद देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली आणला, तेव्हापासून ती वाट मोकळी आहे.

दुसरा प्रश्न पदवी एक आणि उपचार भलतेच, याचा. मिरज तालुक्यातील म्हैसाळचे प्रकरण विसरून चालणार नाही. मार्च २०१७ मध्ये गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेल्यावर तपास झाला आणि पुरलेले १९ भ्रूण सापडले. दवाखाना होमिओपॅथीच्या डॉक्टरचा होता. गावच्या रस्त्यावरून परगावच्या गाड्या येत-जात होत्या. त्या कोणाला दिसल्याच नाहीत काय?

अडचणी नाहीत असे नाही. परिषद मुंबईत. एटापल्लीच्या किंवा धडगावच्या माणसाने मजुरी बुडवून तिथवर जायचे कसे? तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लागावा, असे नियम म्हणतो. पण आपल्याकडे कागदच नसेल तर तक्रार उभी राहणार कशावर? आणि खोट्या डॉक्टरांवर धाड घातली की गावच म्हणते, ‘रात्री-अपरात्री तोच येतो हो.’ हे म्हणणे खोटे नाही. तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे सरकारचे माप. त्या केंद्रातच डॉक्टर हजर नसेल, तर ती जागा कोणीतरी भरणारच. सरकारने आधी ती भरावी. मग छापे शोभतील.

दोष आपलाही आहे. सलाइन लावले नाही तर ‘डॉक्टरला काही येत नाही’ म्हणणारे आपणच. नियमाने चालणारे अनेक डॉक्टर तालुक्या-तालुक्यांत इमानेइतबारे सेवा देत आहेत. नंबर विचारल्याने त्यांचा अपमान होत नाही, उलट त्यांचाच मान वाढतो.

ग्रामसेवक आणि सरपंचांनी एवढे करावे : गावात दवाखाना चालविणाऱ्या प्रत्येकाचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. क्रमांक न देणाऱ्याचे नाव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बोगस डॉक्टर शोधणारी समिती आहे. पण तिला गावातून कागद गेला तरच हालचाल होते. आणि शेतकरी बंधूंनी चिठ्ठी व पावती घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नये. बैलाचे दात मोजणाऱ्याला पाटीवरचा नंबर वाचणे जड नाही.