सांधेदुखी : रोवणीचे दुखणे कोणते, आमवात कोणता?



धानाची रोवणी आटोपली की आपल्या भागात घरोघरी एकच बोलणे ऐकू येते. कंबर धरली, गुडघे धरले, हात वर होत नाही. चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांना असे दुखणे होणारच, त्यात नवल नाही. चार दिवस विसावा घेतला, गरम पाण्याने शेकले की ते बहुधा उतरते. म्हणूनच सांधा दुखला की आपण सारेच, त्यात मीही आलो, ‘रोवणीमुळे असेल’ असे म्हणून मोकळे होतो. पण प्रत्येक सांधेदुखी रोवणीची नसते. काही दुखण्यांत सांधा आतून सुजत असतो आणि वेळेवर उपचार झाला नाही तर ती सूज सांधा कायमचा निकामी करते. हा फरक गावातच ओळखता आला पाहिजे, म्हणून हा लेख.

मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला विस्तार अधिकारी आहे. मग हा विषय मी का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. एका गावी शेतीशाळा घेत असताना पस्तिशीची एक बाई बांधावर नुसतीच बसलेली दिसली. विचारले तर म्हणाली, “साहेब, इळा धरता येत नाही.” दीड वर्षापासून दोन्ही हातांची बोटे सुजत होती. सकाळी उठल्यावर मूठ वळत नव्हती, चुलीत लाकूड सारता येत नव्हते. दोन तासांनी बोटे थोडी मोकळी होत. बाजारातून आणलेली पुडी घेतली की त्याच दिवशी बरे वाटायचे, पुडी संपली की पुन्हा अंथरूण. तिचा चेहरा गोल, फुगलेला दिसत होता. घरचे म्हणत होते, तब्येत सुधारली. ती सुधारणा नव्हती, पुडीचा परिणाम होता. हे मलाही पुढे डॉक्टरांकडूनच कळले.

धान पिवळे पडले म्हणून लगेच युरिया?

बांधीत धान पिवळे दिसले तर जाणता शेतकरी लगेच युरिया फेकत नाही. नत्र कमी पडले का, जस्त कमी आहे का, पाणी साचून मुळे गुदमरली का, की बुडाशी तुडतुडे बसले आहेत, हे तो आधी वाकून पाहतो. तुडतुडे असताना युरिया दिला तर ते आणखी वाढतात. सांधेदुखीचेही असेच आहे. दुखणे हे वरचे लक्षण आहे. त्यामागे झीज आहे, सूज आहे की आणखी काही, हे पाहिल्याशिवाय औषध घेणे म्हणजे न पाहता फवारणी करणे होय.

आता सूज म्हणजे काय ते पाहू. पायात बाभळीचा काटा मोडला तर ती जागा लाल होते, गरम लागते, फुगते आणि ठणकते. या चार खुणा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवल्या आहेत. सूज ही शरीराची राखण आहे. जंतू शिरू नयेत आणि जखम भरावी म्हणून शरीर त्या जागी जास्त रक्त आणि रक्तातील पांढऱ्या पेशी पाठवते. काम झाले की सूज ओसरते. अशी सूज वाईट नव्हे, ती नसती तर साध्या काट्याने माणूस दगावला असता.

आमवातात मात्र कुंपणच शेत खाते. शरीराची राखण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्याच्या आतल्या अस्तराला शत्रू समजते. ते अस्तर जाड होते, सांध्यात पाणी भरते, आणि तिथे तयार होणारी द्रव्ये आधी कूर्चा आणि मग हाड खाऊ लागतात. ही लढाई सांध्यापुरती राहत नाही. बारीक ताप, थकवा, वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे ही लक्षणे दिसतात. डोळे, फुप्फुसे आणि हृदय यांनाही बाधा होऊ शकते. खाल्लेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही, पण सूज थांबवता येते. म्हणून पहिल्या काही महिन्यांना एवढे महत्त्व आहे.

हा रोग आपल्याकडे नवा नाही. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात आमवाताचे वेगळे वर्णन आहे. झिजेचे दुखणे, आमवात आणि वातरक्त असा भेद आपल्या जुन्या वैद्यांनी केलेला होता. आपण मात्र बोलताना सगळ्यालाच ‘वात’ म्हणतो.

शंभर दुखणाऱ्यांत तीन

पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेच्या आखणीनुसार घरोघर पाहणी सुरू केली. त्यात सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले आणि सुमारे अर्धा टक्का प्रौढांना आमवात. म्हणजे दुखणाऱ्या शंभरांपैकी साधारण तिघांना आमवात होता. भिगवण धानपट्ट्यातले गाव नाही, पण हाच अंदाज धरला तर हजार प्रौढांच्या गावात पाच जण निघतील. आकडा लहान वाटतो. पण या रोगात पुरुषांपेक्षा बायांचे प्रमाण दुप्पट-तिप्पट असते आणि तो बहुधा तीस ते पन्नास या कर्त्या वयात सुरू होतो. रोवणी, निंदण, कापणी, मोहफूल, तेंदूपत्ता, घर हे सारे जिच्या हातांवर चालते, तिचेच हात जातात.

मग हे पाच जण ओळखायचे कसे? पुढील खुणा लक्षात ठेवा.

झिजेचे दुखणे कामाने वाढते आणि बसले की कमी होते. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जातो. ते बहुधा गुडघ्यात किंवा कमरेत आणि उतारवयात असते. सुजेचे दुखणे याच्या उलट. विसाव्यानंतर, पहाटे आणि सकाळी ते जास्त असते आणि हालचाल केल्यावर सांधे हळूहळू मोकळे होतात. ताठरपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकतो. बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, मनगटे, पायाच्या बोटांचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. हाताला सूज मऊ आणि गरम लागते. अशी सूज सहा आठवडे टिकली तर ती रोवणीची समजू नका.

आपल्या दोन जिल्ह्यांतली आणखी दुखणी

चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी काही रोग सांधेदुखीच्या रूपाने येतात. त्यांचीही माहिती हवी.

पहिला सिकलसेल. यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. लहान बाळाचे हातपाय सुजतात ते यामुळेही असू शकते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. लहानपणापासून हाडे दुखणाऱ्याची ही तपासणी आधी झाली पाहिजे, कारण अशा रुग्णाला पुडीतले स्टेरॉइड दिल्यास दुखणे उलटण्याचा धोका असतो.

दुसरा चिकुनगुनिया. महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शी येथे त्याची मोठी साथ आली होती. मग तीस-बत्तीस वर्षे तो दिसला नाही आणि २००५-०६ मध्ये परतला. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरातही त्याचे रुग्ण वाढले होते. ताप चार दिवसांत जातो, पण काहींच्या सांध्यांची सूज महिनोन् महिने राहते. तापाची तारीख आठवून डॉक्टरांना सांगा.

तिसरा मुलांचा संधिज्वर. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. अशा मुलाला ठरावीक मुदतीने पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ‘आपोआप बरे झाले’ म्हणून घरी बसू नये.

वातरक्तात युरिक आम्लाचे खडे सांध्यात साचतात. रात्री अचानक पायाचा अंगठा पेटल्यासारखा होतो. दारूने ते वाढते. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानेही सांधे आणि कणा आखडतो. एकाच विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी पिणाऱ्या अनेकांचे सांधे आखडत असतील तर ग्रामपंचायतीने आधी पाण्याचा नमुना तपासून घ्यावा.

पुडीने गुण येतो, तो कसा?

आठवडी बाजारातल्या काही पुड्यांमध्ये झाडपाल्याच्या नावाखाली स्टेरॉइड आणि वेदनाशामके मिसळलेली असतात. त्यामुळेच चमत्कार वाटावा असा गुण येतो. हा चमत्कार जगाने पूर्वीच पाहिला आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण लवकरच दुसरी बाजूही दिसली. दीर्घकाळ जास्त मात्रा घेतल्यास चेहरा फुगतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, क्षयरोगासारखे आजार डोके वर काढतात. आजही डॉक्टर स्टेरॉइड देतात, पण मोजून, मुदत ठरवून आणि मूळ औषध लागू पडेपर्यंतच. पुडीत किती आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि एक सावधगिरी. जो बरेच दिवस अशी पुडी घेत आहे त्याने ती एकदम बंद करू नये, तेही धोक्याचे आहे. उरलेली पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि इंजेक्शनांचेही असेच. जनावरांना दिलेल्या याच औषधामुळे आपल्याकडची गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे पशुपालकांना ठाऊक आहे. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण रोज, महिनोन् महिने घेतल्यास आपलेही मूत्रपिंड बिघडते, पोटात जखम होते. शिवाय या गोळ्या दुखणे दाबतात, हाड खाणे थांबवीत नाहीत.

सूज मुळातून आटोक्यात ठेवणारी औषधे वेगळी आहेत. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन ही त्यांतली मुख्य. ती फार महाग नाहीत, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडू नयेत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. गरोदर बाईने ते घेऊ नये, दारू वर्ज्य, आणि रक्ततपासणी वेळेवर करावी. याहून महाग इंजेक्शनेही आहेत. लुधियान्यात जन्मलेले डॉ. रविंदर मैनी आणि डॉ. मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनमध्ये सुजेचे केवळ एक द्रव्य अडवून आमवाताचे रुग्ण बरे वाटेपर्यंत आणले. रोगाचे मूळ सुजेत आहे हे त्यातून पक्के झाले.

गावाने काय करावे?

तीस वर्षांवरील लोकांची रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांसाठी गावपातळीवर तपासणी होते. सांध्यांच्या सुजेसाठी असा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. म्हणून सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडीताई यांनाच लक्ष घालावे लागेल. रोवणीनंतरच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारा : सकाळी तासभर मूठ वळत नाही असे कोण आहे? ज्यांची नावे येतील त्यांना उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात पाठवा. बरेच जण आधी हाडांच्या डॉक्टरकडे जातात. हा रोग मुळात रक्षणयंत्रणेचा आहे, तेव्हा मेडिसिनचा डॉक्टर आधी. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर पडते. एकटीने जायचे म्हटले की बाई जातच नाही. चार जणींनी मिळून, सोबतीला एक शिकलेला माणूस घेऊन गेल्यास फेरी वाया जात नाही.

शेतीच्या बाजूने सांगायचे तर ज्या घरात असे दुखणे आहे तिथे ड्रम सीडरने पेरणी, रोवणी यंत्र, चालते कोळपे यांचा विचार बचतगटाने किंवा शेतकरी गटाने करावा. सुजलेल्या बोटांनी दहा दिवस पऱ्हे लावणे म्हणजे सांधा मोडायला मदत करणे. सूज उतरल्यावर मात्र बोटे रोज हलवावीत, नाहीतर ती आखडतात. सुजलेला सांधा जोराने चोळू नये.

वर सांगितलेल्या बाईला तिच्या भावाने पुढे वैद्यकीय महाविद्यालयात नेले. आता ती नियमित औषध घेते. सकाळी चूल पेटवते, मूठ वळते. पण उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली ती झालीच. दीड वर्ष आधी गेली असती तर तीही कदाचित वाचली असती. तुमच्या गावात आज कोणाची बोटे सुजलेली असतील तर पुढच्या रोवणीची वाट पाहू नका.